जागा शिल्लक नाही

१

पाटीने ते वाक्य पहिल्यांदा उच्चारले तेव्हा थोरली त्या घरात नव्हती. दुसऱ्यांदा उच्चारले तेव्हाही नव्हती. आई त्या वेळी कुठे बसली होती, पडदे ओढलेले होते की उघडे, तिचे बोट चुकून पाटीवर पडले होते का, यांपैकी काहीही थोरलीने स्वतः पाहिलेले नाही. ते सगळे आईच्या तोंडून आले, आणि आईच्या शब्दावर किती भार टाकावा हे थोरलीला तेव्हाही ठरवता आले नव्हते.

"हे म्हणाले, मला जागा कर," आई फोनवर म्हणाली. दारावर कोण येऊन गेले ते सांगावे इतक्या सहज.

"आई, पाटी म्हणाली असेल."

"तेच ते."

"तेच ते नाही."

"बरं बाई, पाटी म्हणाली. आवाज यांचाच होता ना?"

बाबांना जाऊन वर्ष होत आले होते. तरी आईच्या बोलण्यात 'हे'चे 'ते' झाले नव्हते. नवरा घरात असो वा परगावी, बायको त्याला 'हे' म्हणते, आणि नवराही तिला 'ही' म्हणतो. जणू दोघे कायम हाताच्या अंतरावर असतात. थोरली विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवत असे. माणूस गेल्यावर त्याचे कपडे आधी जातात, सर्वनाम सगळ्यात शेवटी जाते, असे ती एकदा वर्गात बोलून गेली होती. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले होते.

पाटी म्हणजे एक छोटा, सपाट संगणक. धाकट्याने तो चिंचोक्यांच्या भावात आणला, आणि त्याच्या पोटात साठवणही चिंचोक्याएवढीच निघाली. ती वाढवायची सोय नव्हती. आत जे काही होते ते कायमचे चिकटवलेले होते. पाटी हे नाव बाबांनी ठेवलेले. ते उच्चारायला तेव्हा त्यांच्याकडे आवाज नव्हता. त्यांनी तो संगणक मांडीवर घेतला, त्याच्यावर बोटाने गिरवल्यासारखे केले, मग जिभेला बोट लावून मनगटाने ते पुसल्यासारखे केले. सगळे हसले. तेव्हापासून पाटी.

बाबा एका चित्रपटगृहात प्रेक्षकांना बसवायचे काम करत. खेळ सुरू झाल्यावर आलेल्यांना अंधारातून त्यांच्या खुर्चीपर्यंत न्यायचे, आणि खेळ संपल्यावर कोणी झोपलेला सापडला तर त्याला हलवून उठवायचे. "लोकांना जागा द्यायची आणि लोकांना जागं करायचं, याचा मला पगार मिळतो," असे ते सांगत. हातातल्या विजेरीमुळे अख्खी गल्ली त्यांना बॅटरीवाले म्हणे. विजेरी कशी धरावी याचा त्यांचा एक नियम होता. उजेड माणसाच्या पायापुढे टाकायचा. तोंडावर कधीच नाही.

स्वरयंत्र काढावे लागणार असे डॉक्टर म्हणाले तेव्हा थोरली त्यांना विद्यापीठातल्या ध्वनिबंद खोलीत घेऊन गेली. त्या खोलीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात. टाळी वाजवली तर ती तळहातातच मरते. तिथे बसून बाबांनी पुढे लागतील ती वाक्ये एकेक करून म्हटली. मला पाणी हवंय. दिवा बंद कर. मी जागा आहे. चहा गार झाला. शेवटी शेवटी कंटाळून त्यांनी विचारले, "इंटरव्हल झालं का?" थोरलीने तेही ठेवून घेतले. शस्त्रक्रियेनंतर ते पाटीवरच्या चित्रावर बोट ठेवत आणि पाटी त्यांच्या आवाजात बोले.

ते गेल्यावर पाटी आईकडे राहिली. दुपारचा चहा झाला की आई 'चहा गार झाला' दाबी आणि म्हणे, "मग वेळेवर का नाही घेत?" थोरलीने त्याला हरकत घेतली नव्हती. दुःखाला काहीतरी धरायला लागते.

"मेमरी भरली म्हणते गं पाटी," आई फोनवर म्हणाली. आता मात्र तिचा आवाज हलला. "हे अर्ध्या शब्दावर थांबतात. परवा 'मला पा' म्हणाले आणि गप्पच."

२

थोरली गेली तेव्हा दार उघडल्या उघडल्या तिला वाटले, घरात चोरी झाली आहे.

पुढच्या खोलीतले टेबल भिंतीला लावले होते. फुलदाणी ठेवायची तिपाई नाहीशी झाली होती. आतल्या खोलीत कपाटाचे एक दार उघडे होते आणि आतले खण रिकामे. आईचे कपडे दोन पिशव्यांत भरून बोळात ठेवलेले. पलंगावर चादर ताणून घातलेली, एकही सुरकुती नाही. खिडकीपाशी बाबांची खुर्ची, आणि तिच्या बैठकीवर त्यांचा घडी केलेला रुमाल.

"तू झोपतेस कुठे?"

आईने दाराजवळच्या सतरंजीकडे बोट केले. तिथे फटीतून वारा येत होता. आई खोकली. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत मागे घसरली, ती तिने सवयीने पुढे ओढली.

"हे काय चाललंय आई?"

"जागा केली."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणून काय विचारतेस? सांगितलं नाही का तुला फोनवर?"

थोरलीने मनातल्या मनात वाद घातला आणि गिळला. डॉक्टरांनी बजावले होते, आईला या घरात एकटी ठेवू नका. पुढचा हिवाळा तिला इथे झेपणार नाही. दोन्ही मुलांनी समजावून पाहिले होते. आईचा हट्ट म्हणजे कुलूप; किल्ली तिच्याकडेच.

"तू माझ्याकडे चल. आजच."

"पाटी सुरळीत कर, मग येते," आई म्हणाली. "हे असे अर्धवट अडकून पडलेत, आणि मी तुझ्याकडे जाऊन पाय पसरून बसू?"

"नक्की येशील?"

"मी कधी शब्द फिरवलाय?"

तेव्हा सौदा असा ठरला. थोरली पाटी घेऊन बसली. पाटीवर एक निळा चौकोन होता आणि त्यात तीन शब्द: जागा शिल्लक नाही. अशा छोट्या संगणकांचे दुखणे तिला ठाऊक होते. ते जरा कुठे चालले की आपलाच कचरा आपल्यात साठवतात. तिने तात्पुरत्या फाइली काढल्या. जुन्या अपडेटचे सांगाडे काढले. कुणी न मागता आलेले दोन खेळ काढले. टाकून दिलेल्या गोष्टी जिथे पडून राहतात ती पेटी रिकामी केली. बाबांच्या वाक्यांना तिने हात लावला नाही. त्यांच्या प्रती तिच्याकडे होत्या, तरीही.

"आता दाब."

आईने दाबले. "चहा गार झाला," बाबा पूर्ण म्हणाले.

आई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली असावी, कारण हसू खोकल्यात संपले.

"झालं. चल आता."

"आठ दिवस बघू. पुन्हा अडकली तर?"

आणि पाटी पुन्हा अडकली.

३

ते वाक्य थोरलीने स्वतः ऐकले ते त्याच्या पुढच्या खेपेला. भर दुपार होती. आई स्वयंपाकघरात कप विसळत होती. नळ सुरू होता. थोरली बोळात उभी राहून चपलांचे बंद सोडत होती. आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "मला जागा कर."

नळ बंद झाला. "ऐकलंस?" आईने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा सुरू केला.

थोरली आत गेली. पडदे ओढलेले होते. दुपारी पडदे ओढायची आईची जुनी सवय. पाटी पलंगाशेजारच्या फळीवर होती आणि तिच्यापासून हातभर अंतरात कोणी नव्हते. थोरली काठावर बसली आणि तिने विचार करायला घेतला. विचार हेच तिचे काम होते.

'मला' हा शब्द 'मला पाणी हवंय'मध्ये होता. 'जागा' हा 'मी जागा आहे'मध्ये. 'कर' हा 'दिवा बंद कर'मध्ये. आतल्या प्रणालीत कुठेतरी गोंधळ झाला, तीन तुकडे एकमेकांना चिकटले, आणि नवे वाक्य तयार झाले. भुताला तीन ठिकाणांहून शब्द चोरायची गरज नसते. बिघडलेल्या यंत्राला असते.

मग तिच्या लक्षात आले की हे वाक्य फक्त पुरुषच म्हणू शकतो. म्हणजे या दोन अर्थांनी. बाई म्हणेल, मला जागी कर. तिथे संशयाला वाव नाही. पुरुष म्हणतो, मला जागा कर, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की याला उठवायचे आहे की याच्यासाठी सरकून बसायचे आहे. दोन्ही 'जागा' जिभेवर एकाच ठिकाणी उमटतात. तिच्या हाताशी असलेले कोणतेही उपकरण त्यांच्यातला फरक दाखवू शकत नव्हते. आईने एक अर्थ धरला होता आणि घर रिकामे करायला घेतले होते.

थोरलीने ते वाक्य शोधून काढले. पाटीत ते खरोखर होते. तिने न नोंदवलेली, नाव नसलेली एक फाइल. तिने ते आपल्या संगणकावर घेतले आणि आवाजाचे चित्र पडद्यावर पसरले. तीन तुकड्यांचे सांधे तिला शोधायचे होते.

सांधे नव्हते. वाक्य एका श्वासात म्हटलेले होते.

यालाही तिने काही कारण शोधले असते. पण 'कर'मधल्या 'र'ला शेपूट होते. शब्द संपल्यावरही आवाज कुठेतरी जाऊन आपटून, मऊ होऊन, परत येत होता. बाबांची सगळी वाक्ये अशा खोलीत म्हटलेली होती जिथे टाळीही परतत नाही. हे वाक्य कुठल्या तरी प्रचंड, उंच छताच्या, कापडाने मढवलेल्या जागेत म्हटलेले होते.

तिने खोलीच्या मधोमध उभे राहून टाळी वाजवली. गादी, पडदे आणि बुटके छत यांनी ती गिळून टाकली.

"काय गं, डास?" आईने बाहेरून विचारले.

"हो," थोरली म्हणाली.

४

पाटीत जागा करावी तेवढी ती भरत गेली. आता काय भरते आहे ते तिला दिसत होते. लांबच लांब फाइली, नावे नसलेल्या. पुसल्या की पुन्हा येत, आणि मोकळी केलेली जागा काठोकाठ व्यापून बसत.

त्यांतली एक तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कानांवर हेडफोन चढवून ऐकली. आई समोर शेंगा सोलत होती. दिवस स्वच्छ होता; खिडकीतून शेजारच्या इमारतीवरचे रंगारी दिसत होते.

आधी नुसती शांतता. मोकळ्या मोठ्या जागेला स्वतःची एक शांतता असते; ती कानावर तळहात ठेवल्यासारखी लागते. मग लांबवर कुठेतरी एक खुर्ची करकरली.

तो आवाज तिला पोटातून ओळखू आला. चित्रपटगृहातली आपोआप मिटणारी खुर्ची. बसताना तिची बिजागरी करकरते. उठले की बैठक पाठीवर आपटून खट वाजते. शाळा सुटली की थोरली तिकडेच जायची, कारण आई शिवणकामाच्या कारखान्यात असे आणि घराला कुलूप. बाबा दारावरच्या माणसाला आधीच हाक मारून ठेवत: "तिला जागा ठेव रे, ती येतेय." शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची. तिची स्प्रिंग गेलेली म्हणून ती विकत नसत. बाबा तिच्यावर आपला रुमाल टाकून ठेवत, आणि ती आली की रुमाल उचलून म्हणत, "ही आली." येईपर्यंत 'ती', आल्यावर 'ही'. ध्वनिशास्त्राचा नव्हे, पण व्याकरणाचा पहिला धडा तिला तिथे मिळाला होता.

हेडफोनमध्ये दुसरी खुर्ची करकरली. बऱ्याच वेळाने तिसरी. थोरली श्वास रोखून पुढच्या आवाजाची वाट पाहू लागली. फाइल संपेपर्यंत पुष्कळ खुर्च्या करकरल्या, काही लांब, काही जवळ.

खट असा आवाज एकदाही आला नाही. माणसे बसत होती. कोणी उठत नव्हते.

"काय ऐकतेस एवढं?" आईने विचारले.

"काही नाही. खरखर आहे."

संध्याकाळी तिने धाकट्याला फोन लावला. धाकटा संगणकांच्या दुकानात होता आणि जगातली निम्मी दुखणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याने बरी होतात असे त्याचे मत होते.

"ताई, पाटीला माइक आहे. खोलीतला आवाज भरत असेल."

"खोलीत मिटणाऱ्या खुर्च्या आहेत का?"

"आईने आणल्या असतील. तिचं हल्ली हलवाहलवीचं खातंच आहे."

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही तर काय करू? तू डॉक्टरीण शब्दांची, आणि मला विचारतेस खुर्च्यांबद्दल. सरळ सगळं उडव. कारखान्यातून आली होती तशी कर. वाक्यं तुझ्याकडे आहेतच."

"आईला काय सांगू?"

"सांग, पाटी कोरी केली. शाळेत नाही का करायचो आपण, थुंकी लावायची आणि..." तो थांबला. बाबांची ती खूण दोघांनाही एकदम आठवली असावी. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "ताई, ते थिएटर पाडलं ना गं?"

"मी कॉलेजात असताना. आता तिथे गाड्या उभ्या करतात."

"हां. तेच. म्हटलं विचारावं."

५

पुढच्या खेपेला आई घराबाहेर सापडली.

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर शाल गुंडाळून बसली होती. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, आगगाडीच्या डब्यात उशिरा चढलेल्या माणसासारखी. ओठ निळसर पडले होते. शेजारी दोन पिशव्या.

"आई! इथे काय करतेस?"

"हळू बोल," आई म्हणाली. "आत जागाच नाही बसायला."

थोरलीने दार ढकलले. पुढच्या खोलीत एका भिंतीला टेबल, आणि मधे उघडी फरशी. आतल्या खोलीत पलंग, फळी, रुमाल ठेवलेली खुर्ची. पडदे ओढलेले. कोणीही नव्हते. ती उंबरठ्यावर उभी राहिली, आणि आत पाऊल टाकण्याआधी तिच्या तोंडून आपसूक शब्द निघाला, जो रांगेतून वाट काढताना निघतो.

"जरा..."

स्वतःचा आवाज ऐकून ती शरमली. मग तिला राग आला. आईचा नाही, बाबांचाही नाही. एका वाक्याने तिच्या आईला आधी पलंगावरून उठवले, मग खोलीतून, आता घरातून. आणखी सरकायला आईकडे काय उरले होते, हे वेगळे सांगायला नको होते.

तिने आईला आतल्या खोलीत आणून दाराजवळच्या स्टुलावर बसवले, गरम दूध पाजले, पाय चोळले. मग फळीवरून पाटी उचलली.

"मी ही कोरी करते."

आईने शालीतून हात काढला. "पुसू नकोस गं. यांचं काय होईल?"

"यांचं काहीही व्हायचं राहिलेलं नाही, आई." ती हे फार कठोरपणे बोलली, म्हणून पुढचे हळू बोलली. "बाबांची सगळी वाक्यं माझ्याकडे आहेत. एकही जाणार नाही. तू शब्द दिला होतास. पाटी सुरळीत झाली की येशील."

आईने खुर्चीवरच्या रुमालाकडे पाहिले.

"येईन म्हटलं ना," ती म्हणाली. "कर काय करायचं ते."

६

पाटीने दोनदा विचारले, नक्की का. थोरलीने दोनदा हो म्हटले.

पडदा काळा झाला. काळ्या काचेत थोरलीचा चेहरा, आणि तिच्यामागे दाराजवळ आई, मान खाली घालून पेंगत असलेली. पाटी आतल्या आत गरम होत गेली. मग ती उजळली आणि जगातल्या वेगवेगळ्या भाषांत स्वागत करू लागली, पहिल्या दिवशी केले होते तसे. थोरलीने साठवण उघडून पाहिली. सगळी मोकळी. बाबांचे वाक्य नाही, खुर्च्या नाहीत. बोलायला लागणारी प्रणालीही नाही. पाटीत आता आवाज करू शकेल असे काही नव्हते. ती पाटी तिने बंद केली, आणि बंद झाल्याची खात्री करून घेतली.

"तिला जागा ठेव," बाबा म्हणाले.

या वेळी शेपूट फार लांब होते. शेवटच्या व्यंजनाच्या मागे छताची उंची ऐकू आली, रांगांची लांबी ऐकू आली, आणि आतली माणसे. कारण भरलेल्या सभागृहात आवाज वेगळा परततो. माणसे तो शोषून घेतात. हे ती दरवर्षी शिकवत असे.

तिच्या डोक्यात आधी व्याकरण आले, मग भीती. 'तिला जागा' याचा एकच अर्थ होतो. झोपलेल्या बाईबद्दल असे कोणी बोलत नाही. आणि हे वाक्य या खोलीतल्या कुणाला उद्देशून नव्हते. ते तिकडच्या कुणाला तरी सांगितलेले होते.

फरशीवर, बाबांच्या खुर्चीच्या पायांशी, उजेडाचा एक लहान गोल पडला होता.

तो पिवळट होता आणि कडेला विरलेला, विजेरीचे भिंग जुने झाले की होतो तसा. पडद्याच्या फटीतून आलेले ऊन असेल, तिने स्वतःला सांगितले. पाटीच्या काचेवरून परतले असेल. तिने पाटी उलटी करून पलंगावर ठेवली. गोल हलला नाही. मग हलला, पाटीमुळे नाही. तो फरशीवरून दाराकडे निघाला. घाई न करता. एखादे वयस्क माणूस मागून येत असावे आणि ते अडखळू नये अशा बेताने.

तो स्टुलाच्या दिशेने येत होता.

"आई!" थोरली धावली. तिने आईचे खांदे धरून गदागदा हलवले. "आई, जागी हो! आई!"

आईची मान लुळी मागे गेली. एक क्षण, आणि आणखी एक क्षण, तिच्यात काहीच नव्हते. मग तिने डोळे उघडले. ती प्रथम थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहू लागली, आणि मग तिची नजर खाली उतरली आणि तिथेच थांबली.

थोरलीनेही खाली पाहिले.

गोल आईच्या पायाशी नव्हता. तो थोरलीच्या पायांपुढे, बोटांपासून वीतभर अंतरावर, पडला होता. थांबला होता. उजेड पायापुढे, तोंडावर नाही.

तिने झेपावून पडदे फाडल्यासारखे बाजूला केले. खोली उन्हाने भरली आणि त्या उन्हात कोणताही गोल वेगळा दिसू शकला नसता.

"मला वाटलं," थोरली धापा टाकत म्हणाली, "मला वाटलं तुला..."

"मला?" आईने शाल सावरली. तिच्या गालांवर रंग परतत होता. "मला कशाला? मला ते जन्मात कधी 'तिला' म्हणाले? मी 'ही'. तुझ्या लग्नात भर मांडवात म्हणाले, हिला बसायला द्या." ती थोडे हसली, आणि मग हसू ओसरले. तिने लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो नको तितका घट्ट धरला. "'ती' तू गं."

थोरलीला ते ऐकूही आले आणि नाहीही, कारण त्याआधीचा एक शब्द तिच्या कानात अडकून बसला होता. आई 'ते' म्हणाली होती.

७

आई शब्दाला जागली. ती थोरलीकडे राहते. खोकला गेला, बांगडी मनगटावर थांबू लागली, आणि दुपारी ती पलंगाच्या मधोमध झोपते. थोरलीने तिला बाबांची वाक्ये ऐकवू का असे एकदा विचारले. "कशाला?" आई म्हणाली. "त्यांची सोय लागली." धाकटा याला शास्त्रशुद्ध उपचार म्हणतो. अर्धवट साफसफाई करत बसलीस, त्यापेक्षा आधीच कोरी केली असतीस तर, असे तो दर रविवारी ऐकवतो.

आई पूर्ण बरी आहे. फक्त थोरली कुठे बाहेर निघाली की ती दारापर्यंत येते आणि विचारते, "परत येतेस ना?" आणि थोरली दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते.

पाटी थोरलीच्या विद्यापीठातल्या कपाटात आहे. एकदा, सकाळी, खिडक्या उघड्या ठेवून, तिने ती सुरू करून पाहिली. पाटीवर एकही फाइल नाही. तरी साठवण भरलेली आहे. कशाने, ते दिसत नाही. अगदी शेवटी, कोपऱ्यात, थोडी जागा मोकळी दाखवते. एका लहानशा वाक्याला पुरेल एवढी.

थोरलीने तिथे स्वतःच्या व्याख्यानाचा एक तुकडा ठेवून पाहिला. मग एक ओळ मजकूर. मग एक रिकामी, नाव नसलेली फाइल, जिच्यात एक अक्षरही नव्हते. प्रत्येक वेळी निळा चौकोन आला: जागा शिल्लक नाही. तिने चौकोन मिटवला आणि पुन्हा पाहिले. ती जागा तशीच मोकळी होती.

पाटीच्या सांगण्यानुसार ती मोकळी आहे. पाटीच्याच सांगण्यानुसार ती देता येत नाही.